खरखर शोधणारा माणूस

माझ्या दादानं मागच्या वर्षी एक सेकंडहँड गाडी घेतली. गाडी एकदम मस्त, फक्त आत स्टिरिओ नव्हता. मग हौसेनं एका दुकानात जाऊन टचस्क्रीनवाला प्लेअर बसवून घेतला. पहिल्या संध्याकाळी घरातले सगळे गाडीत कोंबून, गाणी लावून फिरून आलो. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, की अॅक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून डासासारखा कुंईं आवाज येतोय आणि गाडी जितकी रेस करू तितका तो चढतोय. तिसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ मारला, तर नुसतं टक्. बॅटरी उतरलेली!

दुकानदाराचं म्हणणं, गाडीची वायरिंगच खराब आहे. गॅरेजवाल्याचं म्हणणं, प्लेअर डुप्लिकेट आहे. दोघांच्या मध्ये दादा आणि त्याच्या खिशाला लागलेली कात्री. शेवटी आमच्या गल्लीतले एक ऑटो इलेक्ट्रिशियन काका टेस्ट लॅम्प घेऊन आले आणि अर्ध्या तासात दोन्ही भानगडी सापडल्या. प्लेअरला करंटच्या दोन वायर असतात. पिवळीला कायम करंट लागतो, कारण तिच्यावर घड्याळ आणि सेटिंग्ज जिवंत राहतात. लालला करंट फक्त चावी फिरवल्यावर मिळायला हवा. दुकानात दोन्ही एकत्र पिळून टेप मारली होती, त्यामुळे प्लेअर कधी झोपतच नव्हता. आणि काळी वायर, म्हणजे अर्थ, रंग दिलेल्या पत्र्यावर स्क्रूनं आवळली होती. रंगातून करंट नीट जात नाही. काकांनी रंग खरवडला, स्क्रू परत आवळला, कुंईं गायब.

मला प्रश्न पडला, की गाडीत बाहेरून आणलेलं यंत्र बसवायचं आणि मग बिघाड नेमका कुणाचा यावर भांडायचं, हा प्रकार सुरू कधी झाला असेल? शोधत गेले तर एका माणसापाशी येऊन थांबले. त्याचं नाव पॉल गॅल्विन. नाव ओळखीचं वाटणार नाही कदाचित, पण त्यानं आपल्या मालाला दिलेलं नाव तुमच्यापैकी कुणाच्या तरी खिशात आत्ता असेल. मोटोरोला.

पॉल जन्मला १८९५ मध्ये, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, हार्वर्ड नावाच्या गावी. ते विद्यापीठवालं हार्वर्ड नव्हे, हे शिकागोच्या वायव्येला असलेलं एक छोटं गाव. शाळेत असताना हा पोरगा रेल्वे स्टेशनवर थांबणाऱ्या गाड्यांमधल्या प्रवाशांना पॉपकॉर्न विकायचा. पुढे इलिनॉय विद्यापीठात गेला खरा, पण डिग्री काही घेतली नाही. पहिलं महायुद्ध सुरू होतं. तो सैन्यात दाखल झाला आणि तोफखान्यात अधिकारी म्हणून फ्रान्सला जाऊन आला. म्हणजे हा माणूस इंजिनीअर नव्हता. वायरिंगचं कुठलंही शिक्षण त्याच्याकडे नव्हतं. हे लक्षात ठेवा, पुढे महत्त्वाचं आहे.

परत आल्यावर शिकागोत एका बॅटरीच्या कंपनीत नोकरी. मग एडवर्ड स्टुअर्ट नावाच्या दोस्ताबरोबर १९२१ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातल्या मार्शफील्ड गावात स्वतःचा बॅटरीचा कारखाना. दोन वर्षांत थकलेल्या करापायी सरकारनं त्याला टाळं ठोकलं. वय २८, लग्न झालेलं, घरात तान्हा मुलगा. पॉल शिकागोला परतला आणि एका गोळ्या-चॉकलेटच्या कंपनीत मालकाचा सेक्रेटरी म्हणून कामाला लागला.

आपल्याकडे असं झालं तर घरचे काय म्हणतील, ते सांगायला नको. पण १९२६ मध्ये पॉल पुन्हा त्याच स्टुअर्टबरोबर धंद्यात उतरला. या वेळी माल होता बॅटरी एलिमिनेटर. त्या काळी घरातले रेडिओ बॅटरीवर चालायचे. बॅटऱ्या महाग, जड, त्यात आतलं अॅसिड सांडलं की गालिचा खलास. एलिमिनेटर हा एक डबा. तो भिंतीतल्या विजेवर रेडिओ चालवायचा, बॅटरीची कटकटच बंद. आयडिया भन्नाट होती. पण डब्यात दोष निघाले, पैसे संपले आणि १९२८ मध्ये हीसुद्धा कंपनी बुडाली. सामानाचा लिलाव झाला. त्या लिलावात एलिमिनेटरचा भाग ७५० डॉलरला कुणी घेतला असेल? खुद्द पॉलनं! आपल्याच बुडालेल्या कंपनीचा तुकडा त्यानं लिलावात बोली लावून परत आणला.

२५ सप्टेंबर १९२८ ला धाकटा भाऊ जोसेफ याला घेऊन त्यानं गॅल्विन मॅन्युफॅक्चरिंग कॉर्पोरेशन काढली. शिकागोत हॅरिसन स्ट्रीटवर भाड्याची जागा, पाच कामगार, गाठीला ५६५ डॉलर. पहिल्या आठवड्याचा सगळ्यांचा मिळून पगार ६३ डॉलर.

पण ज्याच्या जोरावर कंपनी काढली तो एलिमिनेटरच जुना होत चालला होता. थेट विजेवर चालणारे रेडिओ बाजारात आले, मग एलिमिनेटर कशाला कोण घेईल? पॉलनं दुसऱ्यांच्या नावानं विकले जाणारे रेडिओ बनवायला घेतले. आणि १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये शेअर बाजार कोसळला. मंदी. मोठ्या कंपन्या पडेल भावानं माल काढायला लागल्या. तिसऱ्यांदा दिवाळं निघायची वेळ आली होती.

त्याच सुमारास पॉलच्या कानावर आलं, की न्यूयॉर्ककडे काही लोक श्रीमंतांच्या गाड्यांत रेडिओ बसवून देतात आणि एकेका गाडीचे दोनशेच्या वर डॉलर घेतात. प्रत्येक गाडीसाठी वेगळा जुगाड. पॉलनं ठरवलं, की आपण असा रेडिओ काढायचा, जो एकाच साच्यात बनेल आणि कुठल्याही गाडीत बसेल.

आता गंमत बघा. घरच्या रेडिओची बॅटरी घालवणं हा ज्याचा धंदा, तो माणूस आता रेडिओला परत बॅटरीवर नेत होता. आणि तीसुद्धा गाडीच्या बॅटरीवर, म्हणजे फक्त ६ व्होल्टवर. रेडिओतल्या व्हॉल्व्हची फिलामेंट त्यावर तापायची, पण व्हॉल्व्हला आणखी शंभरच्या वर व्होल्टचा दाब लागायचा. त्यासाठी ४५-४५ व्होल्टच्या कोरड्या बॅटऱ्यांची पेटी गाडीच्या तळाला फळी कापून बसवायची. एरियल छतात. स्पीकर एकीकडे, रेडिओचा डबा दुसरीकडे, बटणं स्टिअरिंगजवळ. असा एक सेट बसवणं म्हणजे अर्धी गाडी उसवण्यासारखं होतं. दिवसच्या दिवस जायचे.

एवढं करून रेडिओ लावला की काय ऐकू यायचं? खर्रर्र... टकटकटकटक... खर्रर्र.

इथे पॉलच्या मदतीला होते बिल लिअर आणि एल्मर वेव्हरिंग. एल्मर तर जेमतेम आपल्याच वयाचा. या टीमनं जे केलं, ते मला सगळ्यात भारी वाटतं. कारण रेडिओ चांगला होता. खरखर रेडिओची नव्हतीच. ती गाडीची होती.

पेट्रोल इंजिनात प्रत्येक स्फोटासाठी स्पार्क प्लगमध्ये ठिणगी पडते. ठिणगी म्हणजे छोटं ट्रान्समीटरच. मार्कोनीनं सुरुवातीचे बिनतारी संदेश ठिणगीच्याच जोरावर पाठवले होते. म्हणजे बॉनेटखाली चार-सहा ट्रान्समीटर सेकंदाला कितीतरी वेळा बोंबलतायत, प्लगच्या लांब वायरी त्यांच्या एरियलचं काम करतायत आणि तीन-चार फुटांवर बिचारा रेडिओ मैलोनमैल लांबून येणारं गाणं पकडायचा प्रयत्न करतोय. (प्लगला करंट वाटून देणाऱ्या भागाला आपल्याकडचे जुने मेकॅनिक डेल्को म्हणतात ना, ते एका अमेरिकन कंपनीचं नाव आहे. सेल्फ स्टार्टर करणाऱ्या चार्ल्स केटरिंगची ती कंपनी.)

त्यावर उपाय काय? प्लगच्या वायरमध्ये साधारण दहा-पंधरा हजार ओहमचा रेझिस्टर घालायचा. ठिणगी पडते, पण तिचा दंगा वायरभर पसरत नाही. डायनॅमोवर कंडेन्सर लावायचा, म्हणजे त्याच्या ब्रशमधून उठणारी गुणगुण तिथल्या तिथे अर्थ होते. इंजिन आणि बॉडी यांच्यात तांब्याची जाड विणलेली पट्टी टाकायची, कारण इंजिन रबरावर बसवलेलं असेल तर दोघांची अर्थ एक राहत नाही. छताच्या कापडाखाली कोंबड्यांच्या खुराड्याला असते तशी जाळी असायची. तीच एरियल म्हणून वापरता यायची, पण एका जरी खिळ्यानं ती बॉडीला टेकली असेल तर सगळं फुकट. काही गाड्यांत बॅटरीचं मायनस बॉडीला, काहींत प्लस. न बघता वायर जोडली की संपलंच.

आणि सगळ्यात वेड लावणारी खरखर तर इंजिन बंद असतानाही यायची. गाडी कोरड्या रस्त्यावर घरंगळत असली तरी. ती होती पुढच्या चाकांची! टायर रस्त्यावर घासून स्थिर वीज साठते, बेअरिंगमधलं ग्रीस तिला बॉडीकडे जाऊ देत नाही, मग ती मधूनच उडी मारते. त्यासाठी चाकाच्या टोपीत छोटी स्प्रिंग बसवायचे. एवढीशी स्प्रिंग, पण ती शोधेपर्यंत किती रात्री गेल्या असतील!

हे शोधायची पद्धत त्या काळच्या कारागिरांनी बसवली ती इतकी सरळ आहे, की आजही चालते. आधी इंजिन बंद ठेवून रेडिओ लावा. तरी खरखर असेल तर इंजिन निर्दोष, रेडिओ किंवा त्याच्या जोडण्या बघा. इंजिन चालू केल्यावर टकटक येते आणि रेसबरोबर भराभर होते? मग प्लग. टकटक नाही, चढती कुंईं आहे? मग डायनॅमो. एरियलची वायर काढून बघा. आवाज गेला तर तो हवेतून एरियलमध्ये शिरत होता, राहिला तर करंटच्या वायरमधून येतोय. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तेव्हाचे लोक चालत्या गाडीत चावी बंद करूनही तपासायचे. आवाज लगेच थांबला तर प्लग, चालूच राहिला तर डायनॅमो किंवा चाकं. प्लीज, हे तुम्ही करू नका, आजच्या गाड्यांचं स्टिअरिंग लॉक होऊ शकतं.

पॉलच्या गोष्टीकडे परत येऊ. जून १९३०. रेडिओ बनवणाऱ्यांचं मोठं संमेलन अटलांटिक सिटीला होतं. पॉलकडे तिथे स्टॉल लावायला पैसे नव्हते. त्यानं आपल्या स्टुडबेकर गाडीत रेडिओ बसवला आणि शिकागोहून निघाला. जवळजवळ तेराशे किलोमीटर, तेव्हाच्या रस्त्यांवरून. तिथे पोचल्यावर गाडी संमेलनाच्या जागेबाहेर उभी केली, आवाज मोठा केला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलवायला सुरुवात केली. ऑर्डर मिळाल्या. फार नाही, पण कंपनी जिवंत ठेवायला पुरतील इतक्या. मॉडेलचा नंबर ५टी७१, किंमत ११० ते १३० डॉलर. फोर्डची साधी मॉडेल-ए गाडी तेव्हा ५०० डॉलरच्या आसपास मिळायची, म्हणजे रेडिओच गाडीच्या पाचव्या हिश्शाला! नाव हवं होतं, तर मोटर आणि त्या काळी ग्रामोफोनच्या नावांना लागायचं तसं ओला हे शेपूट जोडून मोटोरोला तयार झालं.

याच दिवसांतला एक किस्सा नेहमी सांगितला जातो. पॉलला कर्ज हवं होतं. बँकवाल्याला खूश करायला त्यानं त्याच्या पॅकार्ड गाडीत रेडिओ बसवून दिला. अर्ध्या तासात पॅकार्डनं पेट घेतला. कर्ज अर्थातच मिळालं नाही.

हसू येतं, पण यातली खरी गोष्ट हसण्यासारखी नाही. ६ व्होल्टला शॉक बसत नाही, आजच्या १२ व्होल्टलाही नाही, म्हणून गाडीच्या वायरिंगला सगळे हलकं घेतात. पण प्लसची वायर कुठे पत्र्याच्या धारेवर घासून सोलली आणि बॉडीला टेकली, तर बॅटरी एका क्षणात शेकडो अँपिअर ओतते. वायर लालबुंद होते, मग तिच्याभोवतीचं जे असेल ते पेटतं. म्हणून भोकाला रबरी ग्रोमेट हवा आणि फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ बसेल तितका बरा. यंत्राजवळ फ्यूज लावला तर यंत्र वाचेल, पण फ्यूज आणि बॅटरी यांच्यामधली वायर उघडीच राहते. आमच्या काकांनी दादाच्या गाडीत हेही बदललं.

बॅटरीचं दुखणं वेगळंच. व्हॉल्व्हचा रेडिओ सहा-सात अँपिअर खायचा. गाडी उभी करून तासभर गाणी ऐकली की परत घरी चालत. मग बसवणारे डायनॅमोचा तिसरा ब्रश सरकवून चार्जिंग वाढवायचे. हिवाळ्यात रात्रीची फिरणारी गाडी खूश. पण तीच गाडी दिवसा लांबच्या प्रवासाला गेली की बॅटरी उकळायची. म्हणजे उत्तर गाडीत नव्हतं, ती गाडी कोण कशी चालवतो यात होतं, आणि ते त्या माणसाला विचारल्याशिवाय कळणार नव्हतं.

१९३० च्या वर्षाअखेर कंपनी तोट्यातच होती. रेडिओ विकले जायचे आणि तक्रारी घेऊन परत यायचे. पॉलपुढे सोपा रस्ता होता. आमच्या कारखान्यातून निघाला तेव्हा माल ठणठणीत होता, पुढे तुमची गाडी आणि तुमचा मेकॅनिक, असं म्हणून हात झटकायचे. दादाच्या दुकानदारानं तेच केलं. दोन कंपन्या बुडवून बसलेल्या पॉलला बहुतेक यातला धोका कळत होता. गिऱ्हाइकाला रेडिओ आणि वायरिंग असा फरक कळत नाही, त्याला फक्त खरखर कळते. आणि त्यावर नाव मोटोरोलाचं असतं.

म्हणून त्यानं रेडिओबरोबर बसवणाऱ्यांवरही पैसे घातले. गावोगावी फिरून गॅरेजवाल्यांना कुठल्या गाडीत काय बसवायचं, कुठे रेझिस्टर, कुठे कंडेन्सर, हे शिकवायला माणसं पाठवली. एल्मर वेव्हरिंग त्यात पुढे होता. पॉल स्वतःही रस्त्यावर असायचा, दुकानदारांना भेटत, तक्रारी ऐकत. मोटोरोलाची स्वतःची पाटी लावलेली बसवणी केंद्रं उभी राहिली. दोन-तीन वर्षांत व्हायब्रेटर नावाचा भाग आला. तो ६ व्होल्टचा करंट सतत तोडून-जोडून ट्रान्सफॉर्मरला पाजायचा आणि हवा तितका दाब मिळवून द्यायचा, त्यामुळे तळाची बॅटऱ्यांची पेटी गेली. (व्हायब्रेटर स्वतःच खरखर करायचा, हे वेगळं सांगायला नको.) १९३४ मध्ये गुडरिच या टायरच्या कंपनीच्या दुकानांतून रेडिओ विकायचा आणि बसवायचाही करार झाला. तोपर्यंत बसवण्यासकट किंमत ५५ डॉलरवर आली होती. चार वर्षांत निम्मी! दरम्यान रेडिओमुळे ड्रायव्हरचं लक्ष उडतं म्हणून मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यात बंदीची चर्चाही झाली. मोबाइलवरून आपण ऐकतो ती बोलणी गाडीतल्या गाण्यांनी आधीच खाल्ली आहेत.

पुढचं भराभर सांगते, कारण ते कुठेही वाचायला मिळेल. १९३६ मध्ये पोलिसांच्या गाड्यांसाठी रेडिओ. १९४० मध्ये एका हातात धरून बोलता येईल असा सैन्यासाठीचा हँडी-टॉकी. महायुद्धात कंपनी प्रचंड वाढली. पण त्याच काळात, १९४२ मध्ये, पॉलची बायको लिलियन आणि घरातली मोलकरीण यांचा राहत्या घरात खून झाला. कारखाना युद्धाच्या ऑर्डरींनी गच्च भरलेला आणि घर असं रिकामं. १९४७ मध्ये कंपनीनं गॅल्विन हे नाव सोडून मोटोरोला हेच नाव घेतलं. मार्शफील्डचा कारखाना बंद पडला तेव्हा तान्हा असलेला मुलगा, रॉबर्ट, १९५६ मध्ये कंपनीचा अध्यक्ष झाला.

५ नोव्हेंबर १९५९ ला पॉल गेला, ६४ व्या वर्षी. तोवर गाडीच्या रेडिओत व्हॉल्व्हच्या जागी ट्रान्झिस्टर यायला लागले होते आणि त्यातले काही मोटोरोलाच बनवत होती. व्हायब्रेटरची गरज संपत होती. चौदा वर्षांनी, १९७३ मध्ये, याच कंपनीच्या मार्टिन कूपरनं न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभं राहून हातातल्या मोबाइलवरून पहिला कॉल केला. तो पॉलनं पाहिला नाही.

बिल लिअर विमानांकडे गेला. लिअरजेट त्याचंच. एल्मर वेव्हरिंग मात्र मोटोरोलातच राहिला, पुढे कंपनीचा अध्यक्षही झाला. डायनॅमोच्या गुणगुणीशी आणि उतरणाऱ्या बॅटऱ्यांशी झगडत ज्याची तरुणपणाची वर्षं गेली, त्यानंच पुढे गाडीत डायनॅमोऐवजी आल्टरनेटर आणायच्या कामात पुढाकार घेतला. इंजिन संथ चालत असतानाही आल्टरनेटर बॅटरी भरतो. दादाच्या गाडीत खरवडायच्या राहिलेल्या रंगामुळे जे कुंईं करत होतं, ते यंत्र तेच.